टँकरवाल्या सोसायटीत नवीन आलात? घरातलं पाणी नक्की कुठे जातं ते आधी शोधा

मी मूळची लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली त्यात दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. घरात टिपाडं, घागरी, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचो. त्यामुळे लग्नानंतर पुण्यात वाघोलीच्या बाजूला फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं पाणी वाचवणं मला कोण शिकवणार! आणि पहिल्याच उन्हाळ्यात सोसायटीने मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे लावले, आमच्या फ्लॅटचा मीटर बघितला तर शेजाऱ्यांपेक्षा आमचाच वापर जास्त. मी भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला घालत होते, अंघोळ एका बादलीत उरकत होते, आणि तिकडे मागच्या बाथरूममधला फ्लश रात्रंदिवस गुपचूप गळत होता. म्हणजे मी मगाने वाचवत होते आणि घर पिंपाने घालवत होतं.

म्हणून हा क्रम लिहितेय. बहुतेक ठिकाणी 'दात घासताना नळ बंद ठेवा' इथून सुरुवात करतात, ते बरोबरच आहे पण ते शेवटी करा. आधी गळती, मग नळ आणि फ्लश, आणि सगळ्यात शेवटी माणसांच्या सवयी, कारण वॉशर एकदा बदलला की बदलला, नवऱ्याची सवय तशी नाही.

जवळ काय काय लागेल

- लिटरचे आकडे असलेली बादली, नसेल तर एक लिटरची बाटली आणि मार्कर
- मोबाइल, स्टॉपवॉच आणि टॉर्चसाठी
- खायचा रंग, जिलेबीत घालतात तो चालतो
- अ‍ॅडजस्टेबल पाना, टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश
- पांढरं व्हिनेगर
- जमलं तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, सोसायटीत एक असला तरी पुरतो

१. आधी मोजा, अंदाज बांधू नका

शहरात पाणीपुरवठा आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. हा आकडा डोक्यात ठेवा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं.

नवीन सोसायट्यांमध्ये प्रत्येक फ्लॅटचा मीटर डक्टमध्ये नाहीतर गच्चीवर असतो, वॉचमनला किंवा प्लंबरला विचारून आपला कुठला ते एकदा खात्री करून घ्या. आमच्याकडे दोन फ्लॅटचे मीटर उलटसुलट लागलेले होते आणि दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे आपल्या घरातला नळ सोडून आपलाच मीटर फिरतोय ना ते बघाच. मीटरवरचे काळे आकडे म्हणजे हजार लिटर, लाल आकडे त्याच्या खालचे. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला फोटो काढा, आठवडाभर. रविवार वेगळा काढा कारण रविवारी डोकी धुतली जातात, चादरी निघतात, पाहुणे येतात.

मीटर नसेल तर बाटली पद्धत. नळ नेहमी जितका सोडता तितकाच सोडायचा आणि लिटरची बाटली किती सेकंदात भरते ते बघायचं. ६० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं. आमच्या किचनच्या नळाखाली बाटली चार सेकंदात भरली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. भांडी घासताना तो नळ दहा मिनिटं जरी नुसता वाहिला तरी दीडशे लिटर झाले, म्हणजे एका माणसाचा अख्ख्या दिवसाचा कोटा संपून वर थोडं गेलं! मला हे आधी माहीतच नव्हतं. शॉवरही असाच मोजा, आणि मग एक बादली अंघोळीचे १८-२० लिटर त्याच्या शेजारी लिहून फ्रिजला लावा. कोणाला काही बोलायची गरज पडत नाही.

२. गळती शोधा, याला सगळ्यात जास्त वेळ द्या

सगळे मिळून दोन-तीन तास बाहेर जाणार असाल, लग्नाला वगैरे, तेव्हा हे करा. सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद, आरओचं बटण बंद, निघताना मीटरचा फोटो आणि आल्यावर परत फोटो. आकडा हलला असेल तर घरात कुठेतरी गळतंय. बऱ्याच मीटरवर एक छोटी चांदणी किंवा लाल त्रिकोण असतो, अगदी थेंबभर पाण्यालाही तो फिरतो, सगळं बंद असताना तो फिरत असेल तर दोन तास थांबायचीसुद्धा गरज नाही.

पहिला संशय फ्लशवर घ्या. टाकीचं झाकण उचलून आत रंग घाला आणि अर्धा तास कोणीही फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला की गळतंय. मी पहिल्यांदा शहाणपणा करून हळद टाकली होती, टाकी कायमची पिवळी झाली आणि तळाला गाळ बसला, म्हणून हळद नको. टाकी भिंतीच्या आत असेल तर भांड्याची मागची बाजू फडक्याने कोरडी करून तिथे टिश्यू पेपर चिकटवा, थोड्या वेळाने तो वरून ओला झाला तर समजा गळतंय.

रंग उतरला की टॉर्च मारून आत बघा. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून आतून वाहत असेल तर वॉशरचा दोष नाही, फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, खूप वर सेट झालाय. स्क्रू फिरवून किंवा दांडी खाली करून पाणी नळीच्या दोन बोटं खाली थांबेल असं करा, पाच मिनिटांचं काम आहे. पातळी बरोबर असेल तर मग खालचा रबरी वॉशर. आमच्यासारख्या ठिकाणी टँकरचं आणि बोअरचं पाणी जड असतं, त्या वॉशरवर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि तो नीट टेकत नाही. फेकायच्या आधी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून टूथब्रशने घासा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर जुना वॉशर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा, नुसतं 'फ्लशचा वॉशर द्या' म्हटलंत तर तीन चकरा होतात, माझ्या झाल्यात. प्लंबर बघता क्षणी पूर्ण सेट बदला म्हणतो, कधीकधी खरंच लागतो, पण आधी साफ करून बघा.

आता यातला मोठा फटका. टाकी उघडायच्या आधी तिचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून टाकीकडे येणाऱ्या पाईपवरचा छोटा कॉक, बंद करावा लागतो आणि तो कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. जोर लावून फिरवायचा नाही. मी लावला, तो मुळातून तुटला, पाण्याचा फवारा थेट समोरच्या भिंतीवर आणि मला घराचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे तेच माहीत नव्हतं. वीस मिनिटांत बेडरूममध्ये घोट्याइतकं पाणी. पाणी वाचवायला गेले होते मी! तेव्हा पान्याला हात लावायच्या आधी मेन व्हॉल्व्ह शोधा, बंद करून बघा, घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

फ्लशनंतर जेट स्प्रे. त्याच्या पाईपमध्ये चोवीस तास प्रेशर असतं, पाईप फुटला तर घर पोहतं. गावाला जाताना सगळे अँगल कॉक आणि शक्य असेल तर मेनच बंद करून जात जा.

ठिबकणाऱ्या नळाखाली पेला ठेवून वेळ लावा. २०० मिलीचा पेला पंधरा मिनिटांत भरला तर दिवसाला साधारण १९ लिटर जातात, म्हणजे रोज एक बादली. जुन्या पितळी नळाला आतला वॉशर असतो, काही रुपयांचा. नवीन अर्ध्या फेऱ्याच्या नळात वॉशर नसतो, अख्खी स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा भाग, बदलावी लागते, आणि ती त्याच कंपनीचीच घ्यावी लागते नाहीतर आटे बसत नाहीत.

३. नळाला फोम फ्लो लावा

पुस्तकी नाव एरेटर, दुकानात फोम फ्लो म्हटलं की लगेच देतात. नळाच्या तोंडाशी बसणारी जाळी, पाण्यात हवा मिसळते, हाताला धार भरपूर वाटते आणि पाणी निम्म्याहून कमी जातं. आमचा १५ लिटरवाला किचनचा नळ आता साडेपाच-सहाला आलाय आणि घरात कोणाला फरक कळला नाही.

घेताना नळाचे आटे आतून आहेत की बाहेरून ते बघून, शक्यतो जुनी जाळी काढून सोबतच न्या. बेसिन आणि किचनलाच लावा. बादली भरायच्या नळाला लावून काही फायदा नाही, बादली तेवढीच भरणार, फक्त तुम्ही जास्त वेळ चडफडत उभे राहणार. शॉवरला कमी फ्लोचं डोकं लावणार असाल आणि घरी गॅस गीझर किंवा इन्स्टंट गीझर असेल तर जपून, प्रवाह फार कमी झाला तर तो पेटतच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी जाळी काढून व्हिनेगरमध्ये टाकायची, नाहीतर क्षाराने बंद पडते आणि मग घरातलंच कोणीतरी वैतागून ती कायमची काढून ठेवतं.

खालच्या मजल्यावर राहत असाल तर प्रेशर जास्त असतं, बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा बंद केला तरी चालतं. याला एक रुपया लागत नाही.

४. फ्लशचं पाणी कमी करा

जुनी टाकी एका वेळेला दहा लिटरच्या आसपास सोडते, हल्लीच्या दोन बटणांच्या टाक्या सहा आणि तीन. चार माणसं, दिवसाला माणशी पाच वेळा धरलं तर जुनी टाकी दिवसाला २०० लिटर खाते. टाकी बदलायची नसेल तर लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून टाकीत कोपऱ्यात उभी करा, दर वेळी लिटरभर वाचतं. फ्लोटला आणि मधल्या नळीला ती घासत नाही ना ते बघा. वीट टाकू नका, विटेचा चुरा होतो, वॉशरखाली अडकतो आणि आपण परत दुसऱ्या पायरीवर. आणि फार कमी पण करू नका, एकदाच्या जागी दोनदा दाबावं लागलं तर काय उपयोग.

दोन बटणं असतील तर पाहुण्यांना आणि लहान मुलांना छोटं कुठलं ते कळत नाही. आमच्याकडे छोट्या बटणावर मुलीने स्माइलीचं स्टिकर लावलंय.

५. एकदा वापरलेलं पाणी परत वापरा

आरओतून एक लिटर पाणी मिळताना आमच्याकडे जवळजवळ तीन लिटर वाया जायचं. मोजून बघा, दोन पाईपखाली दोन भांडी, एवढंच. ते पाणी कॅनमध्ये साठवा, फरशी पुसायला, संडासात टाकायला, भांडी भिजवायला उत्तम. झाडांना मात्र रोज नको, त्यात क्षार साठलेले असतात, माझा कढीपत्ता त्यानेच गेला. तो पाईप कॅनपर्यंत न्यायला लांब करा पण चिमटा लावून धार बारीक करू नका, मेम्ब्रेन म्हणजे आरओची आतली गाळणी खराब होते.

याच्याही आधी एक प्रश्न विचारा, आरओ लागतंय का? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नळाला धरणाचं पाणी येत असेल आणि टीडीएस मीटर दोनशेच्या आत दाखवत असेल तर यूव्ही फिल्टर बहुतेक वेळा पुरतो, आणि तो पाणी टाकून देत नाही. टँकर-बोअरचं मिश्रण असेल तर गोष्ट वेगळी, आमच्याकडे आरओशिवाय गत्यंतर नाही.

वॉशिंग मशीनचं शेवटच्या खळबळीचं पाणी टबात धरा, संडास आणि पार्किंगसाठी. गीझरचं गरम पाणी येईपर्यंत जे गार वाहतं ते बादलीत, आमच्याकडे ते तीन-चार लिटर भरतं. तांदूळ-डाळीचं पाणी झाडांना. एसीचं पाणी फरशीला चालतं, पण पिऊ नका आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका, त्यात धूळ आणि धातूचे कण येतात.

साबणाचं पाणी एक दिवसाच्या वर ठेवू नका, असा वास सुटतो की सासूबाई पूर्ण योजनाच बंद करतील.

६. आता माणसं

इथे माझा सल्ला एकच, शिकवायला जाऊ नका. भांड्यांच्या मावशींना मी आधी दोन वेळा 'नळ बारीक ठेवा' म्हणाले, त्यांचं तोंड वाकडं झालं आणि नळ आणखी मोठा. त्या दिवसाला पाच घरं करतात, त्यांना वेळ वाचवायचा असतो, पाणी नाही. मग मी रात्रीच भांडी खरकटं काढून टबात भिजवून ठेवायला लागले आणि नळाला फोम फ्लो लावला. भांडी पटकन निघतात म्हणून मावशी खूश, आणि नळाची धार आपोआप कमी.

दुसरं म्हणजे शिळं पाणी. आपल्याकडे सकाळी नवीन पाणी आलं की कालचं भरलेलं ओतून द्यायचं ही पद्धत घराघरात आहे, माझ्या आईचीही होती आणि तेही लातुरात! झाकून ठेवलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. वाद घालण्यात अर्थ नाही, आमच्याकडे तोडगा असा निघाला की कालचं पाणी ओतायचं नाही, त्याने फरशी पुसायची नाहीतर कणीक सोडून बाकी स्वयंपाकात वापरायचं. कणीक का सोडून ते सासूबाईंनाच माहीत.

७. साठवताना डासांचा विचार करा

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक पिंप, टब, कॅन आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासून कोरडं करायचं. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा लोक हमखास विसरतात.

८. सोसायटीत तोंड उघडा

घरात तुम्ही दिवसाला दोनशे लिटर वाचवाल आणि वरची टाकी रोज पहाटे अर्धा तास ओव्हरफ्लो होत असेल तर काय करणार. पहाटे गच्चीवर जाऊन कान द्या. फ्लोट व्हॉल्व्ह अडकलेला असतो किंवा पंप चालू करून वॉचमन झोपलेला असतो, बिचाऱ्याची रात्रपाळी असते. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर लावा, त्याचे पैसे टँकरमधून लवकरच वसूल होतात.

मीटिंगला जाताना नुसतं 'पाणी वाया जातं हो' म्हणून जाऊ नका, पार्किंगच्या भांडणात तो विषय बुडतो. हे कागद न्या:

- मागच्या बारा महिन्यांची टँकरची बिलं, महिन्यानुसार बेरीज करून
- मेन मीटर आणि फ्लॅटच्या मीटरचे एकाच दिवशी काढलेले फोटो
- ओव्हरफ्लोचा व्हिडिओ, वेळ दिसेल असा
- बिल्डरने ताबा देताना दिलेले प्लंबिंगचे नकाशे, नसतील तर कमिटीकडून लेखी मागा
- लेव्हल कंट्रोलर आणि मीटरसाठी दोन तरी कोटेशन

मेन मीटरचा आकडा आणि सगळ्या फ्लॅटची बेरीज यात मोठा फरक असेल तर कॉमन लाइन गळतेय किंवा टाकीला तडा आहे.

टँकर पूर्ण भरून येतो का तेही मोजता येतं. खालची टाकी समजा आतून ५ मीटर बाय ४ मीटर आहे, म्हणजे २० चौरस मीटर. दहा हजार लिटर खरंच पडले तर पातळी बरोबर ५० सेंटीमीटर वाढली पाहिजे. ४० च वाढली तर आठ हजारच आले. मोजताना पंप बंद ठेवा आणि दुसरीकडून पाणी येत नाही ना ते बघा. झाकणातून लांब काठी सोडून मोजायचं, आत कोणीही उतरायचं नाही, बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. आम्ही एक महिना असं मोजून वहीत लिहिलं, कोणाला काही बोललो नाही, नुसती वही गेटवर ठेवली. पुढच्या महिन्यापासून पातळी नीट वाढायला लागली.

शेवटचं, पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आमची गच्ची ४०० चौरस मीटर, म्हणजे २ लाख ८० हजार लिटर, त्यातलं ८० टक्के हाती लागलं तरी बावीस टँकर. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारे पाईप बऱ्याच इमारतींमध्ये आधीच असतात, कारण बांधकामाच्या परवानगीसाठी ते दाखवावे लागतात, पण पुढे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यापर्यंत जोडलेले असतात की नुसते गटारात सोडलेत ते एका मोठ्या पावसात छत्री घेऊन बघून या. आमचे गटारात होते.

जोडताना पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय ठेवा, फिल्टरनंतरच बोअरच्या खड्ड्यात सोडा, आणि पार्किंगचं पाणी त्यात कधीच सोडू नका, ऑइल एकदा खाली गेलं की निघत नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत असाल तर पावसाचं पाणी साठवायच्या-मुरवायच्या चालू स्थितीतल्या प्रकल्पासाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत असते, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करायचा, मग ते पाहणीला येतात. त्या दिवशी फिल्टर साफ असू द्या.

आमच्याकडे मृग लागायच्या आधीच्या रविवारी गच्ची झाडायची असते, जाळ्या काढायच्या, फिल्टरमधली वाळू धुवायची. पहिल्या वर्षी तिघं आलो होतो. दुसऱ्या वर्षी नोटिशीत खाली 'नंतर पोहे आणि चहा' एवढं लिहिलं तर सतरा जण आले, त्यातले पाच पोह्यांनाच, पण चालतं.